पायनघाटाचं पाणी : वऱ्हाडचे नैसर्गिक विभाग आणि त्यांचा इतिहास

आजचा विषय भूगोलाचा आहे आणि बोलणारे आम्ही तत्त्वज्ञानाचे. तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकतो, की दगडांच्या जाती आणि पावसाचे मिलिमीटर यांची यादी आम्ही वाचून दाखवणार नाही. ती पाठ्यपुस्तकात आहे, आणि आपण सगळ्यांनी ती पाठ करून विसरलेलीही आहे. आम्हाला पडलेला प्रश्न थोडा वेगळा आहे. एखाद्या भूमीचे ‘नैसर्गिक विभाग’ असतात असं आपण सहज म्हणतो. हे विभाग कुणी पाडले? निसर्गाने, राजाने, की तिथं राहणाऱ्या माणसांनी? आणि जिथं राज्यकर्त्यांच्या रेषा एकीकडे आणि निसर्गाच्या दुसरीकडे जातात, तिथं राहणाऱ्यांचं काय होतं? अमरावती-अकोल्याचा हा आपला वऱ्हाड या प्रश्नासाठी फार चांगलं उदाहरण आहे.

आधी नावांकडे पाहू. अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त बेरार सुभ्याचं वर्णन केलं आहे. त्यात या प्रदेशाचं मूळ नाव ‘वरदातट’ असल्याचं तो सांगतो, म्हणजे वरदा किंवा वर्धा नदीचा काठ. व्युत्पत्ती बरोबर की चूक हा भाषाशास्त्रज्ञांचा प्रश्न, त्यात आपण पडू नये. आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. तो म्हणतो, हा सुभा दोन डोंगरांच्या मध्ये आहे. एका डोंगरावर गाविल, नरनाळा आणि मेळगड हे किल्ले, दुसऱ्या डोंगराला सह्य म्हणतात, त्यावर माहूर आणि रामगड. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस बादशहाच्या दरबारात बसलेल्या माणसालाही वऱ्हाड सांगायचा तर आधी दोन डोंगर सांगावे लागले आणि मग मधली सपाटी.

याच्याही आधीचा एक दाखला आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. महानुभावांच्या जुन्या भाष्यात महाराष्ट्र म्हणजे कुठला देश याचा विचार आलेला आहे. तिथं मराठी भाषा चालते त्या भूमीची खंडमंडळं सांगितली आहेत. त्यात मेघंकर घाट, म्हणजे बहुधा आजचं मेहकर, ही एक सीमा आहे. तिच्यापलीकडे अवघा वऱ्हाड, आणि हे सगळं मिळून महाराष्ट्र. गोविंदप्रभूंचं रिद्धपूर आपल्या मोर्शी तालुक्यातलं, तेव्हा त्या मंडळींना हा मुलूख पायाखालचा होता. लक्षात घ्या, सीमा सांगताना त्यांनी राजाचं नाव घेतलेलं नाही. भाषा घेतली आणि घाट घेतला.

आता ‘पायनघाट’ हा शब्द बघा. ‘पाईन’ फारसी, अर्थ खालचा. ‘घाट’ आपला. ‘बालाघाट’मधला ‘बाला’ फारसी, म्हणजे वरचा. दरबारी कारकुनाने अर्धा शब्द दिला, शेतकऱ्याने अर्धा दिला आणि नाव चारशे वर्षं टिकलं. पुढे १८७० साली आल्फ्रेड लायल यांनी वऱ्हाडचं गॅझेटियर इंग्रजीत तयार केलं. उत्तरेला मेळघाट, मध्ये पायनघाट, दक्षिणेला बालाघाट हे तीन भाग इंग्रजांच्या दप्तरात पक्के झाले. पण बुलढाण्याकडे आजही कुणी बालाघाट म्हणत नाही. ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ म्हणतात. निवडणुकीची गणितंसुद्धा घाटावरचे तालुके आणि घाटाखालचे तालुके अशीच मांडतात.

तीन भागांपैकी मेळघाट सातपुड्याचा. वैराटचा माथा ११७८ मीटर, चिखलदरा १११८ मीटर. सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या नद्या उत्तर-पश्चिमेला उतरून तापीला मिळतात. इथं राहणाऱ्या कोरकूंची भाषा मुंडा कुळातली. म्हणजे तिची नातीगोती झारखंड-ओडिशाकडे, आणि त्या सबंध कुळाचं हे सर्वांत पश्चिमेचं टोक. सातपुड्याच्या या घड्यांनी ती भाषा सांभाळली. १९७३-७४मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यात मेळघाट होता. बालाघाट अजिंठ्याच्या रांगेचा, बुलढाण्याचा दक्षिण भाग, वाशीम आणि यवतमाळ त्यात येतात. पैनगंगा तिथली, लोणारचं विवर तिथलं. त्याच्यावर वेगळं व्याख्यान व्हायला हवं, आज आम्ही त्याला हात लावत नाही.

राहिला पायनघाट. सातपुडा आणि अजिंठा यांच्या मधलं पूर्णेचं खोरं. पूर्णा मध्यप्रदेशात बैतूल जिल्ह्यात भैंसदेहीकडे उगम पावते, आपल्याकडे उतरते आणि एकदम पश्चिमेला वळते. चंद्रभागा, शहानूर, वान उत्तरेकडून येतात. काटेपूर्णा, मोर्णा, मन दक्षिणेकडून येतात. सगळ्यांना पोटात घेऊन ती खानदेशात चांगदेवाजवळ तापीला मिळते. (दुसरी एक पूर्णा गोदावरीला मिळते, परभणीकडची. विद्यार्थी परीक्षेत हमखास दोघींची गाठ घालून देतात.)

हे खोरं नदीने कोरलेलं नाही, खचून झालेलं आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी भूकवचात मोठा तडा आहे, भूशास्त्रज्ञ त्याला गाविलगड भ्रंश म्हणतात. त्याच्या दक्षिणेचा काळा पाषाण खाली बसला आणि लांबट द्रोण तयार झाला. दोन्ही बाजूंच्या नद्यांनी हजारो वर्षं माती आणून तो भरला. कोकणात किंवा पुण्याकडे चार हात खणलं की खडक लागतो. इथं शेकडो फूट खाली गेलं तरी गाळच. वऱ्हाडला सोन्याची कुऱ्हाड म्हणतात, ते सोनं म्हणजे हा गाळ.

पण भरण एकसारखं झालेलं नाही, आणि इतिहासाचं मर्म इथं आहे. डोंगरातून सुटलेला ओढा सपाटीवर आला की त्याचा जोर संपतो. मग तो आधी जड सामान टाकतो, गोटे, वाळू, भरड. बारीक माती तेवढी पुढे मध्यापर्यंत जाते. त्यामुळे पायथ्याचा पट्टा भुसभुशीत, पाणी पिणारा. आणि नदीजवळचा पट्टा चिकणमातीचा, पाणी धरून बसणारा. परतवाडा, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा ही पायथ्याची गावं. इथं विहिरीला गोड पाणी, संत्री, केळी, बारी समाजाचे पानमळे, पानपिंपरी. पानवेल किती नाजूक असते हे ज्याला माहीत आहे त्याला पाण्याची प्रत वेगळी सांगायला नको. तिथून दक्षिणेला तासाभराची बस घ्या, दर्यापूरकडे किंवा गांधीग्रामकडे. बागा संपतात, विहिरी संपतात, उरते काळी सपाट जमीन आणि क्षितिजापर्यंत कपाशी-तूर. हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर, जवळपास नऊशे गावं.

पाणी खारं का? ‘इथं पूर्वी समुद्र होता’ हे उत्तर गावोगाव ऐकायला मिळतं आणि काही अभ्यासकांनीही एकेकाळी तसा तर्क केला. पण समुद्र होता म्हणायचं तर समुद्री जिवांचे अवशेष दाखवावे लागतात. त्या मताला बळ येईल असे ते मिळालेले नाहीत. दुसरं स्पष्टीकरण साधं आहे, आणि साधं असल्यामुळेच लोकांना कमी आवडतं. काळा पाषाण झिजतो, त्यातून क्षार सुटतात, ते पाण्याबरोबर वाहत येतात. जिथं उतार पुरेसा आहे तिथं ते समुद्राला जातात. इथं उतार नावापुरता, माती चिकण, निचरा नाही. पाऊस बेताचा, सातशे-आठशे मिलिमीटरचा, आणि वाफ होऊन उडणारं पाणी त्याच्या कितीतरी पट. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. असं हजारो वर्षं चाललं. एका मोठ्या अद्भुत घटनेपेक्षा रोजची बारीकशी गोष्ट पुरेसा काळ चालली तर केवढं घडवते, हे माणसाच्या मनाला पटकन पटत नाही. आम्ही चाळीसेक वर्षं कार्यकारणभाव शिकवला, वर्गात सगळ्यांत अवघड जायचं ते हेच.

हे मीठ काही आजचं नाही. अकोला जिल्ह्यात दहीहांडा आणि आसपास खाऱ्या विहिरींतून मीठ काढायचा धंदा होता. खोल विहिरी, पाणी उपसायचं, वाळवायचं, मीठ विकायचं. इंग्रजी अमलात तो बंद पडला. म्हणजे ज्या पाण्याला आज आपण शाप म्हणतो त्यावर एकेकाळी काही घरांच्या चुली पेटत होत्या.

आता या पट्ट्यांवर इतिहास कसा सरकला ते बघा. विदर्भाची पुराणप्रसिद्ध राजधानी कौंडिण्यपूर, ती वर्धेच्या काठावर, तिवसा तालुक्यात. मध्ययुगात सत्ता पश्चिमेला सरकली आणि सातपुड्याच्या पायथ्याला आली. अचलपूर, म्हणजे इंग्रजांचं एलिचपूर. १४९०मध्ये फतेहउल्ला इमाद-उल-मुल्कने बहमनींपासून वेगळं होऊन इमादशाही स्थापली ती इथं. डोक्यावर गाविलगड आणि नरनाळा, पायाशी सापन आणि बिच्छन नद्या, मातीत गोड पाणी. राजधानीला आणखी काय हवं? १८०३ साली दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा शेवटही याच पायथ्याला झाला. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांशी देवगावचा तह, आणि महिनाअखेर शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा. वेलस्लीचं सैन्य, भोसल्यांचं सैन्य, सगळे गोड पाण्याच्या कडेकडेने वावरत होते. लष्कराला रोज हजारो जनावरं पाजायची असतात.

मग कापूस आला. खरं तर कापूस होताच. रेल्वेच्या आधी अमरावतीचा कापूस बैलांच्या तांड्यांवर लादून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा, सुमारे ५०० मैल. १८५३मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढच्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना आणि सगळ्यांची नजर इकडे वळली. जीआयपीची रेल्वे १८६७मध्ये नागपूरला पोचली. ती कुठून गेली? मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा. पायथ्याने नाही, खोऱ्याच्या सपाटीतून. रुळाला उतार नको असतो, आणि गाठी भरायला कपाशीचा मुलूख हवा असतो. खामगावचा फाटा १८७०मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला, इतकं त्या कापसाचं महत्त्व.

परिणाम काय झाला? अचलपूर मागे पडलं. १९०५मध्ये एलिचपूर जिल्हाच मोडून अमरावतीत घातला. जिनिंग, प्रेसिंग, बाजार, वकील, कॉलेजं सगळं अकोला-अमरावतीत गोळा झालं. पाचशे वर्षं सत्तेचं केंद्र गोड पाण्यावर होतं, ते एका पिढीत रुळांवर आलं. आणि रूळ व पूर्णा यांच्या मधली खाऱ्या पाण्याची खेडी जगाच्या बाजाराला जोडली गेली. कापसाला खालचं पाणी लागत नाही, वरचा पाऊस लागतो, त्यामुळे पीक उत्तम येई. माणसाला मात्र प्यायला खालचंच पाणी होतं. इंग्रजांच्या दप्तरात कापसाचा हिशेब काटेकोर आहे, पाण्याचा तेवढा नाही. हा दोष केवळ परक्यांचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण स्वातंत्र्यानंतरही किती दशकं हेच चाललं हे आपल्याला ठाऊक आहे.

इथं जिल्ह्यांच्या रेषांकडे या. निसर्गाचे पट्टे पूर्व-पश्चिम आडवे पडले आहेत. डोंगर, पायथा, खारपाण, पुन्हा डोंगर. जिल्हे मात्र उभे कापले आहेत. १९०५ ते १९९८ हा अकोला जिल्हा सातपुड्यापासून खाली थेट वाशीमच्या पठारापर्यंत होता. अमरावती जिल्ह्यात आजही मेळघाट आहे, संत्र्यांचा वरुड-मोर्शी आहे, खारपाणातलं दर्यापूर आहे आणि धामणगाव-चांदूर रेल्वेही आहे, जे पूर्णेच्या नाही, वर्धेच्या खोऱ्यात येतं. आता या जिल्ह्याचा ‘सरासरी पाऊस’ म्हणजे काय वस्तू आहे? चिखलदऱ्याचा धो धो पाऊस आणि दर्यापूरचा बेताचा, यांची बेरीज करून भागलं की जो आकडा येतो तो कुणाच्याच शेतात पडत नाही.

आमच्या न्यायशास्त्रात एक भेद आहे. ‘गोत्व’ ही जाती, ती गाईत खरोखरच असते. ‘पाचकत्व’ ही उपाधी, स्वयंपाक करतो म्हणून माणूस पाचक, उद्या सोडला तर नाही. जिल्हा ही उपाधी आहे. १९९८च्या १ जुलैला वाशीम वेगळा झाला, मातीचं ढेकूळही हललं नाही. खारपाण ही जातीच्या जवळची गोष्ट आहे. काठावर ती धूसर असेल, एका गावात दोन विहिरी गोड आणि तिसरी खारी निघेल, पण आदेश काढून ती रद्द होत नाही. पंचाईत अशी, की सरकारी योजना, आकडे, निधी, सगळं उपाधीला चिकटतं.

पाणलोटाची रेषा तर अमरावती शहराच्या अंगणात आहे. शहराच्या पूर्वेला पोहरा-मालखेडच्या टेकड्या. त्यांच्या पश्चिम उतारावरचा थेंब पेढीत, पेढीतून पूर्णेत, तापीतून सुरतेला अरबी समुद्रात. पूर्व उतारावरचा वर्धेत, प्राणहितेतून गोदावरीत आणि बंगालच्या उपसागरात. शहर आहे पूर्णेच्या अंगाला आणि पाणी पितं वर्धेचं, मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून. अकोला काटेपूर्णेवर, महानच्या धरणावर. दोन्ही शहरांनी स्वतःपुरता भूगोल ओलांडला. खारपाणातल्या खेड्यांना तो ओलांडता यायला फार वेळ लागला. वारी भैरवगडच्या वान धरणावरून अकोट-तेल्हाऱ्याकडच्या ८४ खेड्यांची योजना झाली, आणखीही काही झाल्या. जिथं नळ आला तिथंही तो कितव्या दिवशी येतो हे विचारावं लागतं. ‘सर, नळ आला तं गोड, नाही आला तं इहिरीचं हायेच,’ असं एका जुन्या विद्यार्थ्याने आम्हाला अगदी हसत सांगितलं होतं. त्या भागात मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार मोठी आहे, लोक तिचा संबंध पाण्याशी लावतात. सोयरीक जुळवतानाही ‘गावात पाणी कसं आहे’ हा प्रश्न आधी येतो. मुलीकडचे विचारतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

कुणी म्हणेल, धरणं बांधा, कालवे आणा, भिजवा. इथं पुन्हा मातीचा स्वभाव आडवा येतो. या काळ्या मातीत निचरा नाही. भरपूर पाणी सोडलं की खालची पातळी वर येते आणि सोबत मीठ घेऊन येते. खारं पाणी दिलं तर सोडियममुळे मातीचे कण विस्कटतात, जमीन चोपण होते, नांगराला दगडासारखी लागते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने म्हणून शेततळ्यावर भर दिला. पडणारा पाऊस वरच्या वर अडवायचा, त्याला खालच्या मिठाची गाठ पडू द्यायची नाही, आणि खंड पडला की एक-दोन ओलिती द्यायच्या. चिकणमातीत तळ्याला अस्तराचीही फारशी गरज पडत नाही, तोच दोष इथं गुण होतो. गावच्या शेतकऱ्याला हे कळत नव्हतं असं नाही. मूग काढून त्याच ओलीवर हरभरा घेणं ही त्याचीच विद्या.

पूर्णेबद्दल आणखी एक सांगितलं पाहिजे. तिचे काठ उंच, चिखलाचे, निसरडे. ऋणमोचनला पौषात यात्रा भरते. गाडगेबाबा या खोऱ्यातलेच, वाढले मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. तिथं यात्रेकरूंची चिखलातली तारांबळ पाहून त्यांनी घाट बांधवला. आणि श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याचे तरुण गांधीग्रामला जाऊन पूर्णेचं पाणी कावडीने राजराजेश्वराला आणतात. विहिरीत खारं आणि नदीत गोड अशा मुलखात नदीचं पाणी खांद्यावरून वाहून आणण्याला जो अर्थ येतो, तो कोकणात येणार नाही.

आता चालू काळातलं. मे २०२५मध्ये महाराष्ट्र आणि मध्यप्रदेश सरकारांनी तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण प्रकल्पाचा करार केला. कल्पना अशी, की धारणीकडे तापीचं पाणी वळवायचं, सातपुड्याच्या पायथ्याने कालव्यातून न्यायचं आणि त्या भरड गोट्यांच्या पट्ट्यात जिरवायचं. म्हणजे नद्यांनी हजारो वर्षांत रचून ठेवलेलं गाळणं वापरायचं. आम्हाला हा विचार भूगोल वाचून केलेला वाटतो, आणि असे विचार आपल्याकडे फार होत नाहीत. वरुड-मोर्शीत संत्र्यांसाठी भूजल उपसून उपसून विहिरींचे तळ दिसू लागले आहेत, तिथं याचा उपयोग सरळ आहे. खारपाणाचं मात्र तितकं सरळ नाही. पायथ्याला जिरलेलं पाणी दक्षिणेला सरकताना वाटेत चिकणमाती आहे. ते किती आत पोचेल, कोणत्या खोलीवर, आणि पोचेपर्यंत गोड राहील का, हे गावागणिक वेगळं असणार. मोजमापाच्या विहिरी घेतल्याशिवाय ‘खारपाणपट्टा गोड होणार’ असं व्यासपीठावरून सांगू नये. आणि पाणी उचलायचं ते मेळघाटातून. आधीच्या आराखड्यात मोठं धरण होतं, नव्यात वळण-बंधारा आहे आणि पुनर्वसन लागणार नाही असं सरकार सांगतं. धारणीकडून विरोध झालेला आहे. ज्या जिल्ह्यात एक पट्टा देणारा, दुसरा घेणारा आणि तिसरा वाट बघणारा आहे, त्याच्या बैठकीत तिघांचीही माणसं टेबलाशी हवीत. जिल्ह्याचा एकच प्रतिनिधी बोलला तर तो बहुधा घेणाऱ्याचं बोलेल, कारण संत्र्याचे पैसे त्याच्याकडे आहेत.

प्रश्नोत्तरांसाठी वीस मिनिटं ठेवली आहेत. खारपाणातल्या गावचे कुणी ऐकत असतील तर त्यांनी आधी विचारावं, आणि विचारताना गावाच्या नावाबरोबर विहीर किती खोल आहे आणि कोणत्या महिन्यापर्यंत पाणी गोड लागतं तेही सांगावं.